लेकीला खासगी बँकेची ऑफर आणि रिझर्व्ह बँकेची मुलाखत, दोन्ही एकदम: अर्थतज्ज्ञाने सुरुवात कुठे करावी?

ऐरोलीची_आई (धागाकर्ती), सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती नाहीतर बागकामाच्या धाग्यावर असते, आज घरचा प्रश्न घेऊन आले आहे.

लेक पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधून अर्थशास्त्रात एम.ए. झाली. एका खासगी बँकेच्या आर्थिक संशोधन विभागात तिची निवड झाली आहे आणि १ जुलैला हजर व्हायचं आहे. दरम्यान तिने रिझर्व्ह बँकेची ग्रेड बी, म्हणजे अधिकारी भरतीची परीक्षाही दिली होती. सगळे देतात ती जनरलची नाही, डीईपीआरची, म्हणजे आर्थिक आणि धोरण संशोधन विभागाची. दुसरा टप्पा पार झाला, मुलाखत बाकी आहे.

हे म्हणतात, हातातलं सोडायचं नाही. सासरे म्हणतात, रिझर्व्ह बँक ती रिझर्व्ह बँक, थांब. लेक काहीच बोलत नाही. परवा रात्री भांडी आवरताना म्हणाली, "आई, तिथे दिवसभर नक्की काय करतात हेच मला माहीत नाही, तर निवडू कसं?" तेव्हापासून तेच डोक्यात आहे. बँकेतला अर्थतज्ज्ञ सकाळी जाऊन संध्याकाळपर्यंत करतो काय? कोणी हे काम केलं असेल तर सांगा. बेलापूर स्टेशनजवळ रिझर्व्ह बँकेचं ऑफिस आहे, घरापासून अर्ध्या तासावर, म्हणून माझा ओढा तिकडे आहे हेही सांगून टाकते.

घणसोली_लोकल, सोमवार, रात्री १०:१५

अभिनंदन! डोळे झाकून रिझर्व्ह बँक. २०२५ च्या जाहिरातीत ग्रेड बीचं सुरुवातीचं मूळ वेतनच ७८,४५० होतं, भत्ते वेगळे. आणि डीईपीआरच्या जागा किती, तर २०२४ मध्ये २१ आणि २०२५ मध्ये १७. अख्ख्या देशातून! एवढ्या जवळ आलेल्या मुलीने मुलाखत सोडू नये.

पाचपाखाडीकर, सोमवार, रात्री ११:३०

ताई, मी दोन्हीकडे काम केलं आहे. नऊ वर्षं रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागात, मग अकरा वर्षं एका खासगी बँकेत. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी बेलापूरचं. तिथे ऑफिस आहे, पण संशोधनाचं मुख्य काम फोर्टला चालतं. ऐरोलीहून ठाण्याला गाडी बदलून सीएसएमटी आणि तिथून चालत, असा रोजचा प्रवास धरा. बदली परगावीही होऊ शकते. अर्ध्या तासाचा हिशेब मनातून काढून टाका.

आता काम. संशोधन विभागात नव्या अधिकाऱ्याला एक विषय देतात. कोणाला महागाई, कोणाला परकीय व्यापार, कोणाला बँकांची कर्जं. मला राज्यांचे अर्थसंकल्प मिळाले. प्रत्येक राज्याचा अर्थसंकल्प म्हणजे जाडजूड खंड, आणि प्रत्येक रकमेपुढे तीन रकाने: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. नवखा माणूस पहिला रकाना बघून लेख लिहितो. खरी गोष्ट पहिल्या आणि तिसऱ्या रकान्याच्या मधल्या अंतरात असते. राज्य म्हणालं काय आणि केलं काय, ते तिथे कळतं. एकदा एका राज्याच्या भांडवली खर्चाची, म्हणजे रस्ते, इमारती अशा टिकाऊ गोष्टींवरच्या खर्चाची, बेरीज जुळेना म्हणून मी दोन दिवस एकाच पानावर होतो. शेवटी कळलं, कर्जफेडीची रक्कम त्यात मिसळली होती.

मसुदा साहेबांकडे गेला की पेन्सिलच्या खुणा घेऊन परत येई. मी लिहिलं होतं, "कर्जवाटप घसरलं." साहेबांनी खाली रेघ मारून समासात विचारलं, "घसरलं की वाढीचा वेग मंदावला?" मंदावला होता. कर्ज वाढतच होतं, आधीपेक्षा हळू. बाहेर वाचणारा 'घसरलं' वाचून बँकांचे शेअर विकायला काढेल, एवढं त्या एका शब्दात असतं. त्या टेबलावर मी भाषा शिकलो, आणि ते शिक्षण मला पुढे कुठेच मिळालं नाही.

खासगी बँकेत सकाळ साडेसातला सुरू व्हायची. रात्रीतून अमेरिकेत काय झालं, कच्चं तेल, डॉलर, दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा. पावणेनऊला डीलरांसोबत, म्हणजे बँकेसाठी रोखे आणि डॉलरची खरेदी-विक्री करणाऱ्यांसोबत कॉल. तिथे "अभ्यास चालू आहे" हे उत्तर चालत नाही. दर वाढणार की नाही, महागाईचा आकडा किती येणार, एक संख्या सांगायची आणि खाली आपलं नाव घालायचं. दुपारी मोठ्या ग्राहकांच्या भेटी. कोणाला डॉलरचं कर्ज घ्यायचं असतं, कोणाला निर्यातीचे पैसे कधी रुपयात बदलावे ते विचारायचं असतं. वेग आवडणाऱ्याला हे काम फार आवडतं. मलाही आवडलं.

उद्या पुढे लिहितो, टोमॅटोची गोष्ट सांगायची आहे.

खडू_फळा, मंगळवार, सकाळी ८:०५

मी पदवीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवतो. एवढंच सांगतो की पहिली नोकरी म्हणजे जन्मगाठ नव्हे. सुबीर गोकर्ण क्रिसिल या पतमानांकन संस्थेत (कर्ज फेडायची ऐपत जोखणाऱ्या) होते, मग स्टँडर्ड अँड पुअर्स या तशाच परदेशी संस्थेचे आशिया-पॅसिफिकचे मुख्य अर्थतज्ज्ञ झाले, आणि तिथून २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर. पुढे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत भारताचे कार्यकारी संचालक. उलट नरेंद्र जाधव वडाळ्यात वाढले, तीन दशकं रिझर्व्ह बँकेत राहिले, प्रमुख अर्थतज्ज्ञ झाले आणि मग पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, नियोजन आयोगाचे सदस्य, राज्यसभेचे खासदार. मायकेल पात्रा १९८५ मध्ये रिझर्व्ह बँकेत लागले आणि तिथेच वर चढत २०२० मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले. वाटा पुष्कळ आहेत.

आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आपल्या रायगडचे, महाडजवळच्या नाते गावचे. माझ्या वर्गातल्या मुलांना हे ठाऊक नसतं. मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी एकदोघांची मान ताठ होते.

माजिवडा_मीटर, मंगळवार, सकाळी ९:४०

खडू_फळा सर, आदर राखून असहमत. तुम्ही सांगितलेली मंडळी शिखरावरची आहेत. मधल्या माणसाला दोन्ही दारं सारखी उघडी नसतात. मी एका पतमानांकन संस्थेत काम करते. डीईपीआरची परीक्षा दोनदा दिली आणि दोन्ही वेळा दुसऱ्या टप्प्यात राहिले. वर्णनात्मक पेपरमध्ये वेळ पुरला नाही. मग वयाची अट आडवी आली. ३० वर्षं, एम.फिल. असेल तर ३२, पीएच.डी. असेल तर ३४. रिझर्व्ह बँकेतून खासगीत लोक चाळिशीतही येतात आणि त्यांना मागणी असते. खासगीतून तिकडे मधल्या वयात जायची वाट फार अरुंद आहे. म्हणून ताई, मुलाखत द्यायलाच हवी. ही खिडकी बंद होणारी आहे, दुसरी उघडीच राहील.

ऐरोलीची_आई, मंगळवार, दुपारी १:२०

वयाचं हे आमच्या डोक्यातच नव्हतं. ती २३ ची आहे. पाचपाखाडीकर दादा, टोमॅटोची वाट बघतेय.

पाचपाखाडीकर, मंगळवार, रात्री १०:४५

माजिवडा_मीटर यांचं म्हणणं बरोबर आहे, मी ते काल लिहायला हवं होतं.

आता टोमॅटो. जुलै २०२३. बाजारात टोमॅटोने कहर केला होता, सगळ्यांना आठवत असेल. जुलैच्या महागाईचा माझा अंदाज होता साडेसहा टक्के. १४ ऑगस्टला संध्याकाळी साडेपाचला आकडा आला: ७.४४. डीलिंग रूममध्ये माझ्या शेजारचा मुलगा स्क्रीनकडे बघून माझ्याकडे बघायला लागला. जवळपास एक टक्क्याची चूक, आणि खाली माझं नाव.

रात्री घरी बसून हिशेब मांडला. महागाई मोजायच्या २०१२ च्या मालिकेत टोमॅटोचं वजन, म्हणजे एकूण खर्चातला वाटा, अवघं ०.५७ टक्के. पण भाव वर्षभरापूर्वीच्या तिप्पट झाले होते, म्हणजे २०० टक्क्यांची वाढ. ०.५७ गुणिले २, म्हणजे एकट्या टोमॅटोने महागाईत एका टक्क्याहून जास्त भर घातली होती. हे गणित मला येत नव्हतं असं नाही. मी घाऊक बाजाराचे पहिल्या पंधरवड्याचे भाव घेऊन पुढचा महिना ओढला होता. सरकारी माणसं मात्र तेव्हा शहरांतल्या १,११४ बाजारांत आणि १,१८१ गावांत महिनाभर फिरून किरकोळ भाव टिपत. नाक्यावरची भाजीवाली कोणत्या दिवशी काय भाव लावते, ते माझ्या तक्त्यात नव्हतंच.

आता दुसरी बाजू बघा. हा आकडा यायच्या चार दिवस आधी, १० ऑगस्टला, रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीने रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, ६.५० टक्क्यांवरच ठेवला. जुलै ते सप्टेंबर तिमाहीच्या महागाईचा अंदाज मात्र ५.२ वरून ६.२ वर नेला. भाजीचा झटका त्यांना दिसत होता आणि तो ओसरेल असंही त्यांचं म्हणणं होतं. पुढे ऑगस्टचा आकडा आला ६.८३ आणि सप्टेंबरचा ५.०२. तीन महिन्यांची सरासरी ६.४ च्या आसपास. भाजी उतरली आणि दर वाढवावा लागला नाही.

त्या रात्री मला दोन नोकऱ्यांतला फरक पहिल्यांदा नीट दिसला. खासगी बँकेत मला रोज विचारत, "आकडा किती?" रिझर्व्ह बँकेत विचारत, "टिकेल का?" पहिल्याचं उत्तर महिन्याभरात तपासलं जातं आणि चूक सगळ्यांना दिसते. दुसऱ्याला दोन वर्षं लागतात, आणि तोवर व्याजदर बदललेला असतो, कोणाच्या घराचा हप्ता वाढलेला असतो. ताई, लेकीला विचारा की यातला कोणता प्रश्न घेऊन तिला झोप लागत नाही.

तुर्भेवाला, बुधवार, पहाटे ५:३५

दोन मिनिटं लिहितो, गाड्या लागल्यात. वाशी मार्केटला कांदा-बटाट्यात आमचा गाळा आहे, वडिलांपासून. २०२३ चा टोमॅटो आम्हाला जूनच्या शेवटीच कळला होता. भाजी मार्केटमधले आमचे लोक सांगत होते, नारायणगावचं कॅरेट रोज चढतंय आणि आवक निम्म्यावर. तुमच्यासारखे अभ्यास करणारे लोक येतात, पण अकरा वाजता. तोवर माल उठलेला असतो आणि बोर्डावर फक्त भाव राहतो. भावाच्या मागे काय झालं ते पहाटेच दिसतं. ताईंच्या मुलीला यायचं असेल तर घेऊन या, मी दाखवतो. घरचं माणूस सोबत आणा.

ऐरोलीची_लेक, बुधवार, रात्री ९:१०

नमस्कार. आईने हा धागा दाखवला, आज सगळा वाचला. पाचपाखाडीकर काका, तुमच्या प्रश्नावर विचार करतेय. पण त्याआधी मला एक विचारायचंय. रिझर्व्ह बँकेत गेल्यावर आपलं मत आपण मांडू शकतो का? मला लिहायला आवडतं. कॉलेजात असताना वर्तमानपत्रात दोन लेख आले होते. तिथे गेल्यावर तोंड बंद, असं ऐकलंय.

तुर्भेवाले भाऊ, मला नक्की यायचंय.

पाचपाखाडीकर, बुधवार, रात्री ११:१५

चांगला प्रश्न विचारलास.

रिझर्व्ह बँकेत संशोधन छापता येतं. मासिक बुलेटिनमध्ये लेख येतात, त्यावर नाव असतं आणि खाली टीप असते की मतं लेखकांची आहेत, बँकेची नाहीत. चालू धोरणावर मात्र बाहेर बोलायचं नाही. पतधोरण समितीचे सदस्यसुद्धा निर्णयाच्या सात दिवस आधी आणि सात दिवस नंतर गप्प राहतात. समितीसाठी तू लिहिलेल्या टिपणावर तुझं नाव जगाला कधीच दिसणार नाही. टीव्हीवर गव्हर्नर एक वाक्य बोलतील, त्यातला आकडा तुझा असेल आणि ते फक्त तुला आणि तुझ्या साहेबांना माहीत असेल. मला त्याचा आनंद व्हायचा. सगळ्यांना होतो असं नाही.

खासगीत तोंड मोकळं असतं असं वाटतं, तर तेही ऐक. २०२२ च्या सुरुवातीला माझं मत झालं होतं की व्याजदर लोकांना वाटतं त्यापेक्षा लवकर वाढणार. आमच्या बँकेकडे तेव्हा रोख्यांचा मोठा साठा होता. दर वाढले की रोख्यांची किंमत पडते. टिपण तयार केलं, वरून निरोप आला की हे आतल्या आत सांग, ग्राहकांना पाठवू नकोस. मी पाठवलं नाही. ४ मे २०२२ ला बैठकीचं वेळापत्रक नसताना रेपो ४ वरून ४.४० केला गेला, आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० झाला. त्या महिन्यांत एका छोट्या कारखानदाराने मला विचारलं होतं की बदलत्या दराचं कर्ज घेऊ की स्थिर दराचं. मी गुळमुळीत उत्तर दिलं. ते मला अजून बोचतं.

म्हणजे तिथे गप्प राहायचा नियम आहे, लिहिलेला आणि सगळ्यांना सारखा. इथे नियम लिहिलेला नसतो, प्रसंग आला की कळतो. दोन्हीकडे सांभाळून राहता येतं, पण जाताना हे ठाऊक असावं.

माजिवडा_मीटर, गुरुवार, सकाळी ९:००

हे तुम्ही उघडपणे लिहिलंत, धन्यवाद. आमच्याकडेही वेगळ्या रूपात हेच असतं.

लेकीसाठी: मुलाखतीची तयारी म्हणून रिझर्व्ह बँकेची आकडेवारी साइटवर फुकट आहे, तिथून एक मालिका उतरवून घे आणि स्वतः आलेख काढ. घरगुती महागाई-अपेक्षांचं सर्वेक्षण मुद्दाम वाच. १९ शहरांतल्या कुटुंबांना विचारतात, महागाई किती वाटते आणि पुढे किती होईल. लोकांचा आकडा सरकारी आकड्याहून वरच असतो. का, याचं तुझं स्वतःचं उत्तर तयार ठेव.

खडू_फळा, गुरुवार, सकाळी ९:३०

त्याचं उत्तर आईलाच विचार. दूध आणि डाळ रोज घ्यावी लागते, टीव्ही दहा वर्षांतून एकदा. जे रोज घेतो त्याचाच भाव लक्षात राहतो. २०१० मध्ये गोकर्णांनी प्रथिनांच्या भाववाढीवर भाषण केलं होतं: डाळ, दूध, अंडी, मासे का महागतात आणि ती भाववाढ चटकन का ओसरत नाही. ते जरूर वाच. स्वयंपाकघरातून व्याजदरापर्यंत कसं जायचं याचा तो वस्तुपाठ आहे.

ऐरोलीची_लेक, शनिवार, दुपारी २:४०

आज पहाटे बाबांना घेऊन वाशी मार्केटला जाऊन आले. पावणेपाचला पोचलो. पाऊस भुरभुरत होता, माथाडी कामगार डोक्यावर पोतं उलटं घेऊन गाडीतून गोण्या उतरवत होते.

तुर्भेवाल्या भाऊंनी एक गोणी उघडली. मी वरचे कांदे हातात घेऊन म्हटलं, छान आहेत. ते म्हणाले, वरचा सगळेच बघतात, तळाला हात घाल. तळाला चार-पाच कांद्यांना कोंब फुटले होते आणि काहींवर काजळी धरली होती. मग त्यांनी समजावलं. आत्ता येतोय तो उन्हाळ कांदा, एप्रिल-मेमध्ये काढून कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये भरलेला. हाच दिवाळीपर्यंत पुरवायचा असतो, नवा लाल कांदा येईपर्यंत. जूनमध्येच तळाला कोंब दिसायला लागले तर चाळीतला माल टिकणार नाही, शेतकरी घाईने बाजारात आणेल. आवक वाढेल, भाव आत्ता पडेल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला चढेल. त्यांनी लगेच दुसऱ्या गावाच्या दोन गोण्या उघडून दाखवल्या, त्यांचा तळ कोरडा होता. म्हणाले, एका गोणीवरून बोलू नकोस.

मी वहीत दहा गाड्यांचे भाव लिहून घेतले, गाव, प्रत, गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा. घरी येऊन सरासरी काढली.

आणि काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे गोणीपाशीच मिळालं. भाव काय आहे यापेक्षा तो कांदा दिवाळीपर्यंत टिकेल का, हेच मी परत परत विचारत होते. बाबांनीच घरी येताना गाडीत तसं म्हटलं. काल खासगी बँकेला मेल करून खरं काय ते सांगितलं. त्यांनी १ तारखेला रुजू व्हायला सांगितलंय आणि मुलाखतीच्या दिवशी सुट्टी देऊ म्हणालेत. निवड झाली तर मी फोर्टला जाईन. नाही झाली तर नोकरी करत पुन्हा परीक्षा देईन, ३० ला अजून सात वर्षं आहेत.

ऐरोलीची_आई, शनिवार, दुपारी ३:०५

वही दाखवली मला. बुटांना लागलेला चिखल अजून व्हरांड्यात आहे. सगळ्यांचे मनापासून आभार. तुर्भेवाले भाऊ, कांद्याची पिशवी पाठवलीत त्याचे पैसे घ्यायला हवे होतेत.

पाचपाखाडीकर, शनिवार, सायंकाळी ६:२०

फार बरं वाटलं वाचून. एकच विचारतो. दहा गाड्यांची सरासरी काढलीस ती दहा भावांची बेरीज करून दहाने भागून का? की कोणत्या गाडीत किती गोण्या होत्या ते धरून?

ऐरोलीची_लेक, शनिवार, सायंकाळी ६:५५

दहाने भागून. गोण्या मोजल्याच नाहीत.

पाचपाखाडीकर, शनिवार, सायंकाळी ७:१०

मग ज्या गाडीत पन्नास गोण्या होत्या आणि ज्या गाडीत दोनशे, दोघींचा भाव तू सारखा धरलास. प्रतवारी केली आहेस, तशी गोण्यांचीही नोंद हवी. पुढच्या वेळी आधी आवक लिही, मग भाव.

तुर्भेवाला, शनिवार, रात्री ८:३०

गोण्यांचा आकडा आमच्या वहीत आहे, आजचा काढून ठेवतो. मंगळवारी ये, बटाट्याच्या गाड्या येणार आहेत. साडेचारला गाळ्यावर, चपला नको, बूट घाल.